मागं उभं राहायचं काम

अम्मा, चौथीपर्यंतचं मराठी आहे माझं, त्यातच लिहिते. तुला तेही वाचता येत नव्हतं, त्यामुळं चुका निघतील ही भीती नाही. घरात आपण हिंदी बोलायचो, तू चिडलीस की गुजराती, पण लिहायला शिकवलं दौंडच्या शाळेतल्या बाईंनी. म्हणून तुझ्याशी बोलायचं ते मराठीत आलं. तुला जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. तू शिरूरला माझ्या दारात शेवटची नाचलीस तेव्हा जेवढी होतीस, तेवढी मी आता झालेय. त्या दिवशी मी तुला धरलं. का धरलं ते तू एकदाच विचारलंस आणि मी खोटं सांगितलं. तेवढ्यासाठी हे सगळं.

पण आधी दौंड. रेल्वेच्या लाइनीतली आपली खोली, मागं इंजिनाचं शेड, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काजळी. आपल्यासारखी पाच घरं तिथं, सिद्द्यांची. लोक हबशी म्हणायचे, तोंडावरसुद्धा. आपली माणसं कधीकाळी समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आली, एवढंच तुला ठाऊक. गाव कुठलं, बोली कुठली, काही उरलं नाही. "अंग बचा है," तू म्हणायचीस आणि स्वतःच्या दंडावर थाप मारायचीस. गुरुवारी दुपार कलली की पाचही घरं आपल्या अंगणात धमालीला जमायची, आपला नाच म्हणजे धमाल. पुरुष उंच पायाच्या ढोलावर बसतात, तुझ्या हातात हिरव्या कापडात शिवलेला नारळाचा खुळखुळा, आत कवड्या. चपला बाहेर, केस मोकळे. गुजरातेतल्या डोंगरावरच्या आपल्या पीरबाबांचं नाव घ्यायचं आणि गोल धरून पायाचा ठेका सुरू. आधी नुसती मस्करी असते. एकमेकींना वाकुल्या दाखवायच्या, नवऱ्यांची नक्कल करायची. मग कुणा एकीचा खांदा वेगळाच हलायला लागतो आणि बाकीच्या हसायच्या थांबतात. हाल आला. बाबा अंगावर आले.

आठव्या वर्षी तू मला काम दिलंस. मागं उभं राहायचं. हाल आलेल्या बाईच्या पाठीशी, दोन्ही हात पसरून, पण हात लावायचा नाही. "गिरे तो ही पकड़ना. और मैं गिरूँगी नहीं, ये भी जान ले." मी म्हटलं, मग उभी कशाला राहू? तू म्हणालीस, "पीठ को मालूम होना चाहिए, पीछे कोई है." आणि नियम एकच. मधे धरायचं नाही. ती आपणहून खाली बसेल, कपाळ जमिनीला टेकेल, मग पाठीवर हात ठेवायचा आणि पाणी द्यायचं. मधेच धरलं तर आलेलं आत अडकतं, त्याला वाट मिळत नाही. खरं सांगते, मला कंटाळा यायचा. हात भरून यायचे. शाळेतल्या पोरी कुंपणापलीकडून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खांदे उडवून दाखवायच्या. मी दोघींना बदडलंय त्यापायी. तुला सांगितलं नव्हतं.

मोहल्ल्यातली एक बाई तुला म्हणाली होती, पाच वेळची नमाज पढतेस आणि नाचतेसही, शोभतं का? तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सजदे में भी तो अंग ही झुकता है, बहन. बिना अंग के तुम कैसे पढ़ लेती हो, मुझे भी सिखा दो." ती परत आली नाही. मला तुझं तेव्हा फार कौतुक वाटलं. तेही सांगितलं नाही. मी तशीच आहे, वाईट तेवढं फटकन बोलते.

मग वाफेची इंजिनं गेली, शेडचं काम आटलं, बदल्या झाल्या. एक घर भुसावळला, बाकीची गुजरातेत. अब्बा आधीच गेले होते. मी लग्न होऊन शिरूरला, आणि तू दौंडला भाड्याच्या खोलीत एकटी. नमाज एकटीला करता येते, अम्मा, धमाल नाही करता येत. तिला ढोल लागतो, गोल लागतो, मागं कुणी लागतं. मी एका गुरुवारी न सांगता आले तर तू खोलीत उभी होतीस, केस मोकळे सोडून. खुळखुळा दोनदा हलवलास, थांबलीस, परत हलवलास, आणि मला बघून म्हणालीस, "चाय पिएगी?"

आता तो दिवस. माझ्या दिराचा साखरपुडा, पाहुणे घरात, आणि त्याच दिवशी पेठेतल्या दर्ग्याचा संदल. संदलपुढं वाजवायला लोकांनी गुजरातेतून आपल्या सिद्द्यांचा ताफा आणलेला. मला माहीत असतं तर तुला त्या दिवशी बोलावलंच नसतं. मिरवणूक आमच्या दारापाशी थांबली. तू ओट्यावर बसून लसूण सोलत होतीस. ढोल वाजला तशी ताट बाजूला सारून उठलीस. चपला काढल्यास. सासू माझ्या कानाशी आली. चार पिढ्यांचं बांगड्यांचं दुकान, शिरूरमध्ये नाव. "तुझ्या आईला आवर. पावणं बघत्यात. उद्या म्हंतील, कसल्या घरची सून केली." मी म्हटलं, "आवरते." पण आवरलं नाही. पाय आपोआप तुझ्या मागं जाऊन उभे राहिले आणि हात पसरले गेले. तुझा खांदा हलायला लागला. किती वर्षांनी हलत होता तो. ताफ्यातला म्हातारा तुला ओळखल्यासारखा हसला आणि ढोल तुझ्याकडं वळवला. ओट्यावर कुणीतरी शिट्टी मारली. आणि मी तुला धरलं. मागून, दोन्ही हातांनी, कमरेला, घट्ट. तू दोनदा हिसका दिलास. मी सोडलं नाही. तुझं अंग ढिलं पडेपर्यंत सोडलं नाही. म्हाताऱ्याचा हात ढोलावरच थांबला. कपाळ जमिनीला टेकलंच नाही तुझं. सासू म्हणाली, "शाणी हाय माझी सून."

एसटी स्टँडवर तू दौंडला परत जायला चौफुल्याच्या गाडीची वाट बघत होतीस. तिथं विचारलंस, "क्यूँ पकड़ा?" मी म्हटलं, "सासू बोलली म्हणून. आणि पडली असतीस." "कभी गिरी मैं?" गाडी आली. खिडकीतून तू हात केलास तो डावा.

उजवा खांदा तेव्हापासून धरला तुझा. वेणी घालता येईना, मागं हात जाईना. दौंडच्या डॉक्टरांनी साखर तपासली, तेल दिलं, व्यायाम दाखवला. तू म्हणालीस, "वो अंदर रह गया." रागानं नाही, गॅस संपला सांगावं तसं. परत नाचली नाहीस. डोंगरावर उरुसाला नेशील का, असं दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी मुलांच्या परीक्षा सांगितल्या. दोन वर्षांत गेलीस. घुस्ल, शेवटची अंघोळ, द्यायला मी आणि मोहल्ल्यातल्या दोघी होतो. उजव्या बाजूनं सुरुवात करायची असते. मी तुझा हात उचलला, अडेल म्हणून जपून, आणि तो सरळ वर आला, लहान लेकराचा यावा तसा सैल. एक बाई म्हणाली, "पानी डालो, रुकी क्यूँ?" मी पाणी घातलं.

आता मी रांजणगावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. नवरा गेला, मुलं पुण्याला, फोन करतात. बिहारची पोरं ताट घेऊन विचारतात, "मौसी, आप अफ्रीका से हो?" मी म्हणते, "दौंड से. जंक्शन है, उतरना हो तो बोल." हसतात. रोज नवी बॅच येते आणि रोज तेच. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसते ती बौद्धवाड्यातली बाई, तिला एकदा हालाचं सांगायला गेले. ती म्हणाली, "आमच्यात अंगात येनं कवाच बंद केलं. ते खोटं असतं, ताई." मी तडकले. म्हटलं, तुला काय कळतं. ती म्हणाली, "न्हाई कळत. पर तुझी आई खोटी व्हती आसं न्हाई म्हनले मी. मनात इतकं हाय तर लिहून तरी काढ." वही तिनंच आणून दिली.

मागच्या वर्षी रजा टाकून डोंगरावर गेले, अम्मा. एकटीच. बाबांच्या उरुसात सगळी माझ्या तोंडावळ्याची माणसं, असेच केस, असेच ओठ, कुणी वळून बघत नाही. मला वाटलं रडू येईल. नाही आलं, पाय दुखत होते. बायकांचा गोल सुरू होता. एका म्हातारीनं विचारलं, "क्यूँ खड़ी है?" मी म्हटलं, मागं कुणी नाही माझ्या. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. मी चपला काढल्या. केस सोडले. ढोल वाजत राहिला, मी पाय आपटत राहिले, घाम आला, धाप लागली, आणि बाकी काही आलं नाही. बराच वेळ. म्हातारीचे हात दुखले असतील. शेवटी मीच बाजूला झाले. तिनं पाठीवर हात ठेवला आणि पाणी दिलं, जसं काही आलंच होतं.

तिथून परतताना गाडीत कळलं की मला आता हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्यांना कळलं असतं त्यातलं कुणी माझ्याजवळ नाही. हे पाठवायचं ठिकाण नाही. कबरीवर नेऊन ठेवलं तर पोरं उचलून वाचतील. वही संपली की कॅन्टीनच्या भट्टीत जाईल.

सासूमुळं नव्हतं धरलं, अम्मा. सासूचं ऐकणारी मी होते कधी? त्या दिवशी तुझ्या मागं हात पसरून उभी होते आणि ढोल तुझ्याकडं वळला, तसा माझा गुडघा हलला. मग खांदा. मी हलवत नव्हते. कानात पाणी गेल्यासारखे आवाज लांब गेले. आयुष्यात पहिल्यांदा आणि तेवढंच. माझ्या मागं कुणी नव्हतं आणि मी फार घाबरले. हाताला लागलं ते घट्ट धरलं. ती तू होतीस.

स्टँडवर हे सांगता आलं असतं. माझ्यावरही बाबा आले म्हणून तुला आनंद झाला असता, खांदा दुखत असला तरी. ते मला तेव्हाच माहीत होतं, आणि मला परत ते यायला नको होतं, म्हणून नाही सांगितलं.