पाठीराख्याचा चौथा रकाना

आई,

तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला घोडं अडलं. आधी तुला एक खेळ समजावून सांगायला हवा, आणि तो मलाच अजून धड समजलेला नाही. आम्ही पाच जणं दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, एका टेबलाभोवती बसतो. पत्ते नसतात, सोंगट्या नसतात. प्रत्येकानं कागदावर आपापलं एक पात्र बनवलेलं असतं. एक जण गोष्ट सांगत जातो, की समोरचा पूल तुटलाय, पलीकडे कुणीतरी कण्हतंय, आता तुम्ही काय करणार. आपण काय करणार ते आपण बोलायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. फासा वीस बाजूंचा असतो, आवळ्याएवढा. बेचाळीस वर्षांची तुझी लेक, वळ गावच्या गोडाऊनात दिवसभर माणसांवर ओरडणारी, तिथे बसून गंभीर चेहऱ्यानं "मी आता पाणी अडवते" असं म्हणते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, की तिथे खायला काय देतात. बरं देतात. गोष्ट सांगणारी मुलगी आमच्याच बिलिंगला आहे, पंचविशीची. तिच्या घराखाली त्यांचे कापड विणायचे लूम आहेत. शुक्रवारी ते बंद असतात म्हणून आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. तिची अम्मी वरून शेवया पाठवते. ती मुलगी मला दीदी म्हणते आणि मी हरले की माझ्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटतं.

नमनाला घडाभर तेल झालं. मुद्दा असा, की माझं पात्र ही एक बाई आहे आणि तिची स्वतःची अशी काही विद्या नाही. तिला शक्ती मिळते ती एका पाठीराख्याकडून, करार करून. पुस्तकात तयार पाठीराखे पुष्कळ आहेत, समुद्राच्या तळाशी झोपलेले, आगीत राहणारे. मला एकही पटेना. ही सगळी बड्या घरची मंडळी, त्यांना माझ्या बाईशी काय देणंघेणं? तेव्हा ती मुलगी म्हणाली, मग तुमचा तुम्ही बनवा. याला ते लोक होमब्रू म्हणतात, म्हणजे विकतचं नाही, घरी केलेलं, आपल्या पापडांसारखं. तिनं मला एक कागद दिला. त्यावर चार रकाने होते. तो कोण आहे, तो काय देतो, बदल्यात काय घेतो आणि करार मोडला तर काय करतो.

पहिले दोन मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता भरले. माझा पाठीराखा खारीच्या बांधावर राहतो, एका बाजूला खाडीचं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताचं गोडं. दिवसा तो दगड असतो. पाणी अडवायचं, पाणी सोडायचं, आणि बंद खोक्यात काय आहे ते न उघडता ओळखायचं, एवढी शक्ती तो देतो. हे शेवटचं मी स्वार्थानं घातलं, गोडाऊनात फार उपयोगी पडलं असतं. मग तिसरा रकाना आला, बदल्यात काय घेतो. मी चलनावर सही करतात तशी न बघता लिहून मोकळी झाले, "तोंडाची एक चव घेतो." डबा धुतला, कामाला लागले. संध्याकाळी रिक्षात बसल्यावर मला कळलं की मी काय लिहिलंय, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तुझ्या स्वयंपाकघरात मी अभ्यासाला बसायचे, दाराच्या उंबऱ्याला टेकून. म्हावऱ्याचं कालवण उकळायला लागलं की तू डाव घेऊन यायचीस, माझ्या तळहातावर दोन थेंब टाकायचीस आणि म्हणायचीस, मीठ बघ गो. मी चाटून सांगायचे. कमी आहे, बरं आहे, आज खारट झालंय. मला वाटायचं हा माझा मान आहे. शेजारच्या मुलींना त्यांच्या आया असं काही विचारत नाहीत, हे मी मोठ्या तोऱ्यानं सांगत फिरायचे. तू कधी चाखायची नाहीस. सगळ्यांना वाढून झालं की तू वरण-भात घेऊन बसायचीस, आणि कुणी विचारलं तर "मना वास येतो" एवढंच म्हणायचीस. खाडीकाठच्या माहेरची बाई आणि तिला माशाचा वास येतो, आणि तेही मला प्रश्न पडू नये इतक्या सहजपणे. शेलार गावात एका हळदीच्या जेवणात सगळी पंगत मटण-मासळीवर तुटून पडली होती आणि तू एकटी डाळ-भात कालवत होतीस. मी मैत्रिणींसमोर म्हणाले, आमच्या आईला बामणीण करायला हवी. तू तिथल्या तिथे माझा दंड धरलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "कुनाच्या ताटावर हसू नको." मला तेव्हा राग आला होता. एवढं काय मोठं बोलले होते मी?

खरी गोष्ट मावशीकडून कळली, तुझ्या बाराव्याला. मी सात वर्षांची असताना मला कावीळ झाली होती, ती पोटात इतकी मुरली की डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तू हॉस्पिटलातून उठलीस, कुणाला न सांगता आपल्या शेताच्या बांधावर गेलीस आणि शेंदूर लावलेल्या राखणदाराच्या दगडासमोर उभी राहून बोललीस, की पोर वाचू दे, आजपासून मी म्हावरं सोडलं. मावशी तुझ्या मागे धावत आली होती म्हणून तिनं ऐकलं. मी वाचले. मावशी हसून असंही म्हणाली, की लहानपणी घरात माशाचं डोकं कुणी खायचं यावरून तुम्हा दोघींची मारामारी व्हायची, आणि जिंकायची नेहमी तूच.

आता पहिल्या पगाराचा दिवस. तुला आठवत असेलच, मी कशाला सांगू. पण मला सांगायचं आहे. मी बावीस वर्षांची आहे, गोडाऊनात कॉम्प्युटरवर बसणारी पहिली मुलगी आहे, आणि मी बाजारातून एक अख्खा जिताडा घेऊन आले आहे, पिशवीतून शेपटी बाहेर काढून, वाटेतल्या प्रत्येकाला दिसेल असा. तुला पाटावर बसवते, म्हणते आज तू उठायचं नाहीस. वाटण मी वाटते, कोकमाचं आगळ जास्त घालते, मीठ माझं मीच बघते. बाबा ड्युटीवर आहेत. ताट वाढून मी तुझ्यासमोर बसते, काटे काढून पोटाकडचा एक तुकडा भातात कालवते आणि घास तुझ्या तोंडापुढे धरते. तू नको म्हणतेस. मी म्हणते, माझ्या पहिल्या पगाराचा आहे, एक घास. तू पुन्हा नको म्हणतेस. माझा हात तसाच आहे. तू माझ्याकडे बघतेस. बराच वेळ बघतेस. मग म्हणतेस, "तुज्या हातचा हाय ना, मंग चालंल मना." आणि तोंड उघडतेस.

पंधरा वर्षांनी मासा खाणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तू आधी नुसता तोंडात धरून बसलीस. मग एक घास, दोन घास, मग तू ताट माझ्या हातून काढून घेतलंस आणि शेवटी माशाच्या डोक्यावर आलीस. काटा न् काटा चोखून काढलास. मी समोर बसून रडत होते आणि हसत होते, आणि तू म्हणालीस की आगळ जास्त झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तेव्हा तू घरात नव्हतीस. शेजारच्या काकूंनी सांगितलं, नारळ घेऊन बांधाकडे गेली. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणालीस, "गेलतू. आमचं बोलनं झालं." एवढंच. तुझं आणि त्या दगडाचं.

त्यानंतर अडीच वर्षं तू मासे खाल्लेस. काय खाल्लेस! बोंबील, कोलंबी, निवट्या, सुकट, रविवारी दोन वेळा. मीठ तुझं तू बघायला लागलीस, माझा मान गेला. इतकी सुखी आपण दोघी त्याआधी कधी नव्हतो, आणि हे मी आज कुठल्याही शंकेशिवाय सांगू शकते. मग तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टरांनी यकृत म्हटलं. मी त्यांना माझ्या काविळीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि मी मान हलवली. मला ते पटलं होतं. आजही पटतं. मी काही बुवाबाबा मानणारी नाही, तुझ्या बाराव्यालाही मी भटजींशी वाद घातला होता.

पण मग चौथा रकाना भरता का येत नाही? शुक्रवार आला की ती मुलगी विचारते, दीदी, झालं का, आणि मी काहीतरी सबब सांगते. करार मोडला तर काय. नियमानं बघितलं तर तू मला मागून घेतलं होतंस, तेव्हा करार मोडल्यावर त्यानं मला परत न्यायला हवं होतं. त्यानं मला हात लावला नाही. मला अडीच वर्षांत साधी सर्दी झाली नाही. म्हणजे एक तर बांधावर नुसता दगड आहे आणि मी उगाच स्वतःचं डोकं फिरवून घेतेय. नाहीतर तू त्या सकाळी नारळ घेऊन गेलीस तेव्हा काहीतरी नवं बोललीस. काय बोललीस तू, आई? पोरीकडे बघू नको, माझ्याकडे बघ, असं म्हणालीस का? की नुसतं सांगितलंस, की पोरीनं स्वतःच्या हातानं भरवलं, आता आपला हिशोब मिटला? "बोलनं झालं" याचा अर्थ मी वीस वर्षं लावतेय. कधी वाटतं भांडण मिटलं, कधी वाटतं सौदा झाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. विचारायला मावशी उरली नाही. बांधही उरला नाही. तो आता कुठल्याशा गोडाऊनच्या कंपाउंडखाली आहे, आणि मी रोज त्या भिंतीवरून कामाला जाते.

शेवटी गेल्या शुक्रवारी मी त्या मुलीला सगळं सांगून टाकलं, पण माझ्या पात्राची गोष्ट म्हणून. म्हटलं, या बाईच्या आईनं पाठीराख्याला तोंडाची चव दिली, मुलगी वाचावी म्हणून, आणि पुढे मुलीनंच आईला घास भरवला. ती मुलगी शेवया खायची थांबली. तिचं अशा बाबतीत मन मोठं आहे, ती पात्रांना शिक्षा करायला बघत नाही, सुटकेची वाट शोधत राहते. मग म्हणाली, "दीदी, जिसके लिए छोडा, उसीने खिलाया ना? तो करार टूटा नहीं, छूट गया. पण एक शर्त पायजे. खिलाने वाली को मालूम नहीं होना चाहिए. मालूम होके खिलाया, तो वो चीटिंग है." आणि पेन्सिल उचलून तिनं सहज विचारलं, "उसको मालूम था क्या?"

मी नाही म्हणाले. तिनं चौथ्या रकान्यात तसं लिहिलं आणि माझ्या पाठीराख्याला मंजुरी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, काय डोकं आहे दीदींचं. मी शेवयांची वाटी बाजूला सरकवली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी मी ते पाठवलं नसतं. मावशीनं मला ती गोष्ट तुझ्या बाराव्याला सांगितली नव्हती, आई. जिताड्याच्या आदल्या दिवशी सांगितली होती, तिच्या जिन्यात, पहिला पगार झाला म्हणून मी तिच्या पाया पडायला गेले तेव्हा. मी रागावले होते. माझ्यासाठी तू पंधरा वर्षं उपाशी असल्यासारखी जेवत होतीस आणि मी तळहात चाटून मान मिरवत होते. मला ते एक दिवसही आणखी सहन होणार नव्हतं. ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते मला आजही कळत नाही. घास घेण्याआधी तू माझ्याकडे इतका वेळ का बघत होतीस, तेही नाही. तुला ओळखू आलं असेल, नसेल. पण मी तो जिताडा तुझा नवस मोडावा म्हणूनच आणला होता.