बर्फातली येळवस

भवानी पेठ, सोलापूर
दिवाळीनंतरचा सोमवार

ती. सिद्धप्पा दाजींच्या चरणी धाकटा मेव्हणा महादेवप्पा याचे शरणु शरणार्थी.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तिकडे तुमचा खोकला, काशम्माअक्काचे गुडघे आणि ढवळी गाय ही तिन्ही बरी असतील असं धरून चालतो. (खोकला बरा नसेल तर विडी सोडा, असं अक्कानं मला लिहायला सांगितलं आहे. मी लिहिलं, माझं काम संपलं.) ज्वारी गुडघ्याला लागली असेल. तुरीला फुलं आली का, तेही कळवा.

दसऱ्याला फोनवर तुम्ही यंदा येळवस करणार नाही, असं जाहीर केलंत. मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात कडब्याची खोप घालायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे आणि येईल त्याला भज्जी-आंबील वाढायची, हे तुमच्या घरात तुमच्या आजोबांपासून कधी चुकलेलं नाही. पण गेल्या वर्षी जेवायला आलो मी आणि तुमचे शेजारी, आणि आंबील म्हशींनी प्यायली, ही गोष्ट खरी आहे. "पोरं त्या गेममंदी गेली रं समदी," असं तुम्ही म्हणालात. "काय हाय त्यात एवढं, जरा बघून कळव की." तुमची आज्ञा मोडायची माझी कधी छाती झाली नाही, त्यामुळे मी बघितलं आणि कळवत आहे.

आमची सून महेश्वरी तुम्हाला ठाऊक आहेच. (शहाणी पोर. बँकेत दिवसभर लोकांचं ऐकून घेते.) संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन ती टीव्हीला एक यंत्र जोडते आणि तासभर खेळते. इतके दिवस मी त्या वेळेला तोंडापुढे पेपर धरून नाराजी व्यक्त करत असे. तिला म्हणालो, दाजींनी चौकशी नेमली आहे, मला सगळं दाखव. तिनं दुसरं बटणांचं खोकं माझ्या हातात दिलं. आधी मोटारींची शर्यत लावली. दाजी, रस्त्याच्या कडेला समुद्र होता. लाट फुटली की फेस मागं सरकायचा आणि ओल्या वाळूत आभाळ दिसायचं. मी गाडी बाजूला लावली आणि बघत बसलो. मागून सगळ्या गाड्या बुंगाट निघून गेल्या. महेश्वरी म्हणाली, बाबा, शर्यत चालू आहे. मी म्हटलं, चालू दे की. गाड्यांची पळापळ सात रस्ता चौकात रोज बघतो, समुद्र सोलापुरात कुठं बघायचा? मग तलवारीचा खेळ झाला. त्यात एका जुन्या देवळात एक थोराड राक्षस उभा होता. वयानं मोठं कुणी समोर आलं म्हणून मी नमस्काराचं बटण शोधत होतो, तेवढ्यात त्यानं मला उभा चिरला. (नमस्काराचं बटण ठेवलेलंच नाही, ही त्या खेळातली मोठी उणीव.) पण मरता मरता त्या देवळाच्या खांबांवरची नक्षी दिसली, आणि ती नीट बघायला मी आणखी दोनदा मेलो.

त्यानंतर तिनं शेतीचा खेळ लावला. आता कसं सांगू? पडीक रान, एक झोपडं, एक विहीर. हे सगळं तुमचं, एवढं सांगून तो खेळ गप्प बसतो. मी आधी चपला काढल्या. (रानात पहिलं पाऊल टाकताना तुम्ही काढता म्हणून. महेश्वरीनं त्या उचलून दाराशी ठेवल्या.) नांगरलं की माती काळी होते, पाणी दिलं की आणखी काळी. पाऊस आला तेव्हा विहिरीच्या दगडावर थेंब वेगळे उडत होते आणि मातीवर वेगळे. गाईच्या पाठीवर रोज हात फिरवला तर ती आपल्याला ओळखायला लागते, नाही फिरवला तर रुसते आणि दूध कमी देते. ढवळीचा हा स्वभाव खेळ करणाऱ्याला कुणी सांगितला असेल? चष्मा पुसून टीव्हीजवळ गेलो, तर ते सगळं बारीक बारीक चौकटींचं केलेलं. कारखान्यात चादरीची नक्षी मी अशीच काढायचो, कागदावर एकेक चौकट रंगवून मोर. जन्मभर काढलेले माझे मोर चादरीवर जिथं उमटले तिथंच उभे राहिले. इथं चौकटींची कोंबडी तुरूतुरू चालत आली आणि दाणे टिपायला लागली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. महेश्वरीनं चहा पुढं केला आणि मी तो गार होऊ दिला.

चुकलो ते पुढं. त्या गावात वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा अशी वाटणी आहे. महेश्वरी म्हणाली, बाबा, पेरा आता. मी हसलो. आपण सोलापूरकडची माणसं. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाची पाळी घालून घालून ओल धरायची आणि पाऊस सरत आला की ज्वारी टाकायची, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. शेजारपाजारचे लोक भोपळे काढत होते, मी रिकामं रान उकरत होतो. (कुळव त्या खेळात नाही, कुदळीवर भागवलं. ज्वारीही नाही, गव्हावर भागवलं.) पानगळ संपत आल्यावर अख्खं रान पेरलं, मिशीवरून हात फिरवला आणि झोपलो. म्हणजे खेळात झोपलो. उठून दार उघडलं तर सगळीकडं पांढरंफेक. मला वाटलं टीव्ही बिघडला. महेश्वरीनं ओढणी तोंडाला लावली आणि सांगितलं, की हा बर्फ, आता हिवाळाभर रानात काही उगवत नाही. म्हणजे बी गेलं. वाईट वाटायला हवं होतं, पण दाजी, मी आजवर बर्फ बघितला तो उसाच्या रसातला. रानावर निजलेला बर्फ पहिल्यांदाच बघत होतो, आणि त्यात माझी पावलं उमटत होती. नुसती पावलं बघायला मी सगळ्या रानाला एक वेढा घातला.

रानाला वेढा घातला आणि येळवस आठवली. तुम्ही यंदा करणार नाही, हेही आठवलं. म्हटलं, इथं तर करू. वाळल्या गवताची खोप उभी केली, बर्फ झाडून पाच दगड ओळीनं मांडले, पुढं दुधाची बाटली ठेवली आणि चष्मा आणायला उठलो. परत येऊन बघतो तर पाचवा पांडव गायब. (या खेळात परगावचे लोकही आपल्या रानात येऊ शकतात आणि बोलू शकतात. महेश्वरीनं तशी मुभा देऊन ठेवलेली.) एक टोपीवाला दगड पिशवीत घालून निघाला होता. मी त्याला आपल्या भाषेत थांबवलं. तो म्हणाला, "काका, दगडंच हायती की ती. मला घर बांदायचंय." विचारलं तर हा मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचा उदयसिंह, हल्ली पुण्यात कंपनीत असतो. त्याला सांगितलं की बाबा, ते दगड नाहीत, पांडव आहेत. मग खोप सांगितली, अक्काची वाल, तूर आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी सांगितली, आंबिलीचं मडकं घेऊन रानाभोवती फिरत तुम्ही ओलगे, ओलगे म्हणून देता ती हाक सांगितली. पोरानं पिशवी उघडली. मग त्यानं पांडव होता तिथं ठेवला, आपल्या दोस्तांना बोलावून आणलं, आणि ते सगळे बर्फात खोपीपुढं ओळीनं उभे राहिले. कुणी हाललं नाही. मी असलं काही बघितलेलं नाही, दाजी. शेवटी उदयसिंहनं विचारलं, "खरंखुरं कुटं असतंय हे? आमाला चालंल का यायला?" मी काय उत्तर दिलं ते पुढं लिहितो.

तर काय आहे त्यात एवढं, असं तुम्ही विचारलं होतंत. शेत आहे. पोरं गेलीत ती शेतातच गेलीत, फक्त आपल्या नाही. बाकी येळवशीचा निर्णय तुमचा. रान तुमचं, राबणं अक्काचं, आणि मी जेवणाच्या वेळेला उगवणारा शहरातला पाहुणा. मी एका शब्दानंही आग्रह करणार नाही. अक्काला नमस्कार. ढवळीच्या पाठीवरून रोज हात फिरवावा.

आपला आज्ञाधारक,
महादेवप्पा

ता. क. उदयसिंहला मी व्हय म्हणालो. तो आणि त्याचे दोस्त पुण्याहून गाडी करून येणार आहेत. महेश्वरीच्या बँकेतल्या बायकाही येतो म्हणतात. तीसेक माणसं धरा. हा आग्रह नव्हे, नुसती माहिती.

आणखी एक. अक्काला फोन केला होता. ती म्हणाली, मला काय विचारतोस, दाजींना विचार. पण मागं सुपात वाल पाखडल्याचा आवाज येत होता.

आणखी एक. त्या दिवशी पोरांच्या आग्रहावरून मी ओलगे म्हणून हाक दिली, तर शेजारची मायाक्का कुणाला काय झालं म्हणून धावत आली. तो आवाज माझ्याजवळ नाही. खेळात समुद्र आहे, पाऊस आहे, बर्फ आहे, पण तुमची हाक नाही, आणि ती ऐकायला लोक पुण्याहून निघालेत. नाही म्हणायचं असेल तर त्यांना तुम्हीच सांगा, मला ते जमणार नाही. निदान अमावस्येपर्यंत तरी विडी सोडा.

शेवटचं. पांडव मांडाल तेव्हा सहावा दगड चुना लावून हाताशी ठेवा. उदयसिंह येतोय.