उजवीकडची रिकामी जागा

प्रिय कॅलम,

बाबांनी लेस्टरकाकांच्या हातातला खडू ओढून घेतला, इतक्या जोरात की तो मोडला. काकांनी बाबांच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर सरासरीची ओळ मुद्दाम चुकीची लिहिली होती. बाबांनी चूक खोडली, बरोबर चिन्ह लिहिलं आणि काकांकडे असं पाहिलं, की काका म्हणाले, "बरं बाबा, मीच गाढव."

ती ओळ तुला आठवत असेल. डावीकडे बेरीज, उजवीकडे मोजणी, मध्ये भागाकार. कशाची, ते लिहायचं नाही; आकड्यांची जागा उजवीकडे रिकामी. बाबा आणि काका जन्मभर अशाच चिन्हांच्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहीत आले. तू चिडून विचारायचास, "मग बटाट्यांची सरासरी काढली तरी चालेल?" बाबा म्हणायचे, "बटाट्यांना विचार. मी फक्त काय करायचं ते सांगतो."

मेंदूचा झटका आल्यापासून बाबांचं बोलणं गेलं, त्यांच्याकडे नावं उरलेली नाहीत. माझं नाही, तुझं नाही. डॉक्टर पेल्टिए किल्ली दाखवतात, "हे काय?" बाबा मनगट फिरवून दाखवतात. घड्याळ दाखवलं की खिडकीतल्या उन्हाकडे बोट करतात. डॉक्टर शून्य मांडतात. मानेतल्या शिरेच्या ऑपरेशनला बाबा दर वेळी मान हलवून नाही म्हणतात, आणि त्या मला बाजूला घेऊन सांगतात, "ते कशाला नाही म्हणताहेत, हे त्यांना कळतंय असं मला वाटत नाही." बाबांनी कागदोपत्री तुलाच नेमलंय, म्हणून तर तुझी सही हवी आहे. तू उद्या कॅल्गरीहून त्यासाठीच येतो आहेस.

ओळ दुरुस्त झाल्यावर काका खुर्चीत बसले आणि त्यांनी बाबांना ऑपरेशनचं सगळं सरळ सांगितलं. केलं तर टेबलावरच दुसरा झटका येऊ शकतो. नाही केलं तर इथे, कधीही. "तू ठरव, म्हाताऱ्या. पण मला कळेल असं ठरव. तुझं हे मान हलवणं घोड्यालाही जमतं."

किटली ओरडायला लागली, ती मी बंद केली. मग बाबांनी फळा पुसला. डावीकडे चाकू काढला. उजवीकडे खिडकीजवळची त्यांची खुर्ची, तिच्या मोडक्या हातासकट. मध्ये लहान-मोठ्याचं चिन्ह, टोक चाकूकडे. म्हणजे चाकू कमी, खुर्ची जास्त. आणि त्यापुढे, जिथे आकडे ठेवतात तिथे, काहीच लिहिलं नाही. तिथे उभं राहून त्यांनी आपल्या छातीवर बोट टेकवलं.

काकांनी चष्मा वर केला. "कंस कुठे आहेत? विसरलास?"

मला काकांचा राग आला. पण कंस नसतील, तर दोन्ही चित्रं एकाच माणसाला लागू होत नाहीत. हे तूही लहानपणी शिकला आहेस. बाबांनी कपाळावर हात मारला. अगदी पूर्वीसारखा. चाकूच्या आधी एक कंस घातला, खुर्चीच्या नंतर दुसरा, आणि पुन्हा छातीवर बोट. काका उठून अंगणात गेले. थंडीत, कोटाशिवाय.

कॅलम, तुला वाटेल मी बाबांच्या बाजूची झाले. तसं नाही. मला ते ऑपरेशन हवं आहे. मला बाबा अजून हवे आहेत, नावं नसलेले, कसेही. तुझ्या सहीने ते होईल, आणि तू सही केलीस तर मनातून मला बरंच वाटेल. म्हणूनच हे आज लिहून ठेवते आहे. काका तुला विमानतळावर घ्यायला येतील, तेव्हा देतील. घरी येऊन माझा चेहरा पाहण्याआधी हे वाच. मी काहीही म्हणाले, रडले, तरी सही करू नकोस.

तुझीच,
इशबेल

सकाळी जोडते आहे. मी फोन केला म्हणून डॉक्टर पेल्टिए घरी आल्या. फळ्यापुढे थांबल्या, मग दोन्ही चित्रं पुसून त्यांनी जागा बदलून पुन्हा काढली. खुर्ची डावीकडे, चाकू उजवीकडे. मधलं चिन्ह होतं तसंच ठेवलं आणि खडू बाबांपुढे धरला. बाबांनी चिन्ह पुसलं आणि उलटं काढलं, टोक पुन्हा चाकूकडे.