मंजुळ बीपची मोहीम

२ मार्च, सकाळी ७:१०
आज मोजलं. चहा होईपर्यंत घरातल्या यंत्रांनी अकरा वेळा बोंब मारली. मायक्रोवेव्ह पाच, वॉशिंग मशीन चार, फ्रिज दोन. घर आहे की आयसीयू? संकल्प: महिनाअखेरपर्यंत सगळे बीप मंजुळ करणार. बायको म्हणाली, आधी गळका नळ बघा. दूरदृष्टी नाही.

४ मार्च
सोल्डरिंग गन आणली. साडेतीन व्हिडिओ पाहिले. आत नाण्याएवढा बझर असतो, एवढंच. कंपन्यांचे इंजिनियर नक्की करतात काय?

५ मार्च
मायक्रोवेव्ह उघडू नये असं मॅन्युअलमध्ये ठळक छापलंय. तेव्हा एक बटण चार सेकंद दाबून त्याला नुसतं गप्प केलं. ही माघार नाही, डावपेच आहे.

८ मार्च
वॉशिंग मशीन. नऊ स्क्रू काढले, सात बसवले. दोन जास्तीचे असावेत. नवा आवाज: सर्दी झालेलं बदक. बायको हसून हसून खाली बसली. म्हटलं, रियाजाचा पहिला दिवस आहे.

१० मार्च
फ्रिज पूर्ण मुका झाला. बदकानेही मान टाकली. शांतता हाही सूरच. आईला हल्ली फक्त उजेड-अंधार कळतो, पण कान तिखट. तिने विचारलं, घर आज गप्प का रे? चला, घरात एकीला तरी फरक कळला!

१३ मार्च, दुपारी
आई स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हवर हात ठेवून उभी होती. दूध केव्हाच तापून गार झालेलं. ती बीपची वाट बघत होती. वीस मिनिटं.

बायकोने मग नीट सांगितलं. आई सगळं बीपवर करते. दूध झालं, कपडे झाले, फ्रिजचं दार उघडं राहिलं. कुणाला विचारावं लागत नाही म्हणून ती खुशीत असते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं हे खरं. पण मी त्याच घरात राहतो, हेही खरं.

आई म्हणाली, तुला त्रास होतो ना, मग राहू दे. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

१४ मार्च
मायक्रोवेव्ह तेच बटण दाबून बोलता केला. बाकी दोघांपुढे हात टेकले. मेकॅनिक तीन दिवसांनी येणार. तोवर बझरचं काम माझ्याकडे. रजा टाकली. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो. कपडे झाले की, ‘आई, कपडे!’ दार उघडं राहिलं की, ‘आई, फ्रिज!’ आवाज मुळात कमावलेला आहे.

१७ मार्च
मेकॅनिकने विचारलं, हे कुणी उघडलं होतं? मी म्हटलं, आधीच्या मेकॅनिकने. आतून आईचा आवाज: आमच्याच मुलाने, फार हौशी आहे.

वीस मिनिटांत दोन्ही यंत्रं बोलायला लागली. पहिला बीप वाजला तशी आई हसली आणि भिंतीला हात न लावता सरळ मशीनपाशी गेली.

न राहवून विचारलं, माझी हाक कशी वाटायची?

म्हणाली, हाक गोड होती रे, पण दर वेळी दोन मिनिटं उशिरा. डुलकी लागायची ना तुला?

म्हणजे सूर पसंत आहे. फक्त ताल बघावा लागेल.