बाबांचा ठिपका

४ नोव्हेंबर, सोमवार

परत नापास! हेडमास्तरांचा शेरा — 'वर्णन अपुरे. मांडणी नियमानुसार नाही.' अहो, पण चालतंय ना ते? धडधडीत चालतंय! पण नाही. मांडणी!

हेडमास्तर म्हणजे तिकडचा तपासनीस. खरं नाव मला ठाऊक नाही, तोंडही पाहिलेलं नाही. आमच्यासारखाच फुकट राबणारा कुणीतरी. पण त्याने शिक्का मारल्याशिवाय एकही पॅकेज प्रोग्रामांच्या अधिकृत संग्रहात जात नाही.

आणि मला तिथेच जायचंय. दुसरा इलाज नाही. नेटवर्कवर नजर ठेवणारा हा प्रोग्राम ओपन सोर्स आहे, कुणीही घ्यावा, कुणीही बदलावा. ऑफिसात सगळ्या सर्व्हरवर आम्ही तोच लावलाय. कुठलं मशीन चालू, कुठलं झोपलं, सगळं एका पानावर ठिपक्यांत दिसतं. पण घरच्या कॉम्प्युटरसाठी त्याचं पॅकेज कुणी बांधलेलंच नाही — सगळं सामान एका गाठोड्यात, एक क्लिक केलं की बसलं, असं. ते मी बांधतेय. त्यात माझी एक भर : की-बोर्डला, माउसला शेवटचा हात कधी लागला, तेही कळवायचं.

हे सगळं बाबांसाठी. आई गेल्यापासून त्या घरात एकटे, इथून रात्रभराच्या बसवर. मध्ये चक्कर येऊन पडले होते, ते मला आठवड्याने कळलं. तेही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून! इकडे या म्हटलं तर येत नाहीत. मोबाइल जवळ ठेवा म्हटलं तर तो कायम टेबलावर. कॉम्प्युटरवर मात्र सकाळ-संध्याकाळ ठाण मांडून. मग म्हटलं, तोच धरू.

तर म्हणे, "अधिकृत संग्रहात असेल तर बसवीन. असलं-तसलं काही माझ्या मशीनवर नको." जन्मभर सरकारी नोकरी केली ना!

७ नोव्हेंबर, गुरुवार

मांडणी बदलली, वर्णन वाढवलं. पाठवलं.

बाबांना फोनवर नीट समजावलं. आठ तास हात लागला नाही तर ठिपका पिवळा. पूर्ण दिवस लागला नाही तर लाल, आणि माझा मोबाइल बोंबलणार. हात लागला की हिरवा. मशीन मात्र बंद करायचं नाही, रात्रीही.

"म्हणजे मी काय पंखा आहे? चालू का बंद, ते बघणार?"

"हो. तसंच समजा."

"बरं, फौजदार." लहानपणापासून हेच म्हणतात मला.

११ नोव्हेंबर, सोमवार

पास! पास!! हेडमास्तरांनी शिक्का मारला. वर 'ठीक' असं लिहिलंय. त्या माणसाच्या तोंडून 'ठीक' म्हणजे हारतुरेच की!

संध्याकाळी बाबांचा फोन. "संग्रहात दिसलं. बसवलं. घे, बघ आता माझ्याकडे." आणि माझ्या पानावर ठिपका उगवला. हिरवा. 'शेवटचा हात — आत्ताच.' ऑफिसात बसून रडले. शेजारच्या टेबलावरची पोरगी घाबरली. म्हणाली, "ताई, सर्व्हर गेला का?"

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी उठल्या उठल्या हिरवा. पत्त्यांचा डाव मांडला असणार. आता मला त्यांची झोप कळते, जेवण कळतं. किती दिवसांनी रात्रभर सलग झोपले.

१७ नोव्हेंबर, रविवार

भांडण. कडाक्याचं.

चूक माझीच म्हणायची. ठिपका पिवळा झाला की मी फोन लावायचे. काल दुपारी लावला, आज पहाटे लावला. पहाटे पिवळा होणारच, माणूस झोपतो! पण हात राहत नाही.

"कैद्यालासुद्धा झोपू देतात," म्हणाले. "तुला काय वाटतं, मी मेलो की नाही याची तू रोज हजेरी घेणार?"

मी पण तापले. म्हटलं, तुमच्या काळजीने माझी इथे चाळण झालीये, आणि तुम्हाला थट्टा सुचते. भाऊ तिकडे परदेशात मजेत, महिन्यातून एकदा 'बाबा कसे आहेत' विचारून मोकळा. सगळं माझ्या गळ्यात. तर म्हणतात कसे, "मग काढ ना गळ्यातून."

"राहा मग एकटेच!" म्हटलं आणि फोन आपटला.

असं बोलायला नको होतं. पण माझंही काही आहे की नाही?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पास झालं म्हणजे सुटले असं वाटलं होतं. कुठलं! हेडमास्तरांची नवी यादी आली. परवान्याच्या मजकुरात जुना पत्ता. मदतीचं पान त्रोटक. आणि सगळ्यात वर — 'अपडेट झाल्यावर प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू झाला पाहिजे. नियम आहे.' वर आणखी एक नियम : एका खेपेला एकच दुरुस्ती. म्हणजे रोज एक बदल, रोज एक अपडेट, आणि ती सगळ्यांच्या मशीनवर आपोआप जाणार. छळवाद नुसता. पण पुन्हा सुरू व्हायचं म्हणतोय ते रास्त आहे. नाहीतर अपडेटनंतर बाबांचा ठिपका आंधळाच झाला असता. ते आधी करते.

२० नोव्हेंबर, बुधवार

पाठवलं. गेलं. बाबांच्या मशीनवर अपडेट बसली, प्रोग्राम आपोआप उठला, ठिपका जागच्या जागी. उगाच नाही मी हे काम घेतलं!

बाबांचा फोन नाही. मीही केला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

परवान्याचा पत्ता दुरुस्त करून पाठवला. सकाळी ठिपका पिवळा होता, जरा उशीरच वाटला. पण दुपारी हिरवा.

म्हटलं, आपणच पडतं घ्यावं. फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. तेच. आणि समोर ठिपका हिरवा! म्हणजे गृहस्थ तिथेच बसलेत, फोन शेजारी टेबलावर वाजतोय आणि हे खुशाल पत्ते लावताहेत.

आई असती तर तिने फोन उचलून त्यांच्या कानाला लावला असता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी लावला. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. नाही उचलत. मधल्या वेळात पिवळ्याचा हिरवा झालेला. म्हणजे रुसवा! या वयात!

काकूंना विचारावं असं मनात आलं. पण काय विचारणार? बाबा माझ्यावर रुसलेत, जरा समजूत काढा? शोभतं का? आणि ठिपका तर हिरवा आहे.

ठीक आहे. त्यांना ताठा, तर मलाही आहे. त्यांचीच मुलगी. आता मी फोन करणार नाही. त्यांनी करावा.

मदतीचं पान वाढवून पाठवलं. हेडमास्तर खूश असतील.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मदतीच्या पानावरची एक ओळ सुधारून पाठवली. ठिपका हिरवा. फोन केला नाही.

भावाचाच आला. "बाबा फोन उचलत नाहीत गं. बरे आहेत ना?"

"रुसलेत माझ्यावर. मशीनवर बसतात रोज, मी बघतेय ना. तू नको काळजी करू."

"बरं झालं तू ते लावलंस," म्हणाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

वर्णनात एक पूर्णविराम राहिला होता. एक पूर्णविराम! त्यासाठी रविवारी अख्खं पॅकेज पुन्हा बांधलं, पाठवलं.

ठिपका हिरवा. एवढा राग धरवतो तरी कसा? मला तर आता रडू यायला लागलंय. उद्याचा दिवस बघते, नाहीतर सरळ बस धरते आणि समोर जाऊन उभी राहते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय. काही केलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी हेडमास्तरांची आणखी एक दुरुस्ती पाठवली. जरा वेळाने शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "ताई, आपल्या गोदामातल्या त्या जुन्या मशीनवर कोण बसलं होतं आत्ता?"

मी म्हटलं, कोण बसणार? ते मी चाचणीपुरतं लावलंय. बंद खोलीत आहे.

"मग हिरवा कसा? आणि त्याला तर की-बोर्डच नाही. तो मी महिन्यापूर्वी काढून आणलाय."

मी पान उघडलं. 'शेवटचा हात — आज दुपारी.' वेळही होती. माझी अपडेट गेली ती वेळ.

कळलंच एकदम. प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा आधी हात कधी लागला होता ते त्याला ठाऊक नसतं. तिथे काहीतरी वेळ हवी म्हणून मी 'आत्ता' लिहून टाकलं होतं. एक ओळ. तेव्हा काही बिघडत नव्हतं. पण अपडेट आली की प्रोग्राम पुन्हा सुरू होतो, आणि पुन्हा 'आत्ता' लिहितो. कुणी हात लावो न लावो. परवान्याचा पत्ता, मदतीचं पान, पूर्णविराम — बाबांच्या मशीनला हात मी लावत होते. इथून. रोज.

लाल कधी होणारच नव्हता. मी होऊच दिला नाही.

काकूंना फोन केला. म्हणाल्या, "अगं, ते तुझ्याकडे आलेत ना? चार-पाच दिवस चाहूल नाही, दार बंद, आम्हाला वाटलं तू घेऊन गेलीस." मी ओरडले त्यांच्यावर. बिचाऱ्या काकू. दार फोडा, म्हटलं. आत्ताच्या आत्ता. मग बस धरली.

आता काकूंचा फोन आला. बाबा न्हाणीघरात होते. जमिनीवर. श्वास चालू आहे. न्यायला गाडी आलीये.

माझ्या पानावर अजूनही हिरवाच आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

खुब्याचं हाड मोडलंय. गुरुवारी सकाळी अंघोळीला गेले आणि पडले, असा डॉक्टरांचा अंदाज. हाताशी बादली होती, तिच्यातलं पाणी पीत राहिले, म्हणून निभावलं. पण मूत्रपिंडं थकलीत, छातीत पाणी झालंय. डॉक्टर डोळ्याला डोळा न भिडवता बोलतात. "आधी आणलं असतंत तर..." म्हणाले आणि कागद चाळायला लागले.

भावाला कळवलं. त्याने काही विचारलं नाही. विचारेल.

हेडमास्तरांना लिहिलं : पॅकेज काढून टाका, ताबडतोब, चूक माझी आहे. उत्तर आलं — 'काढून टाकण्यासाठी विहित नमुन्यात कारण द्यावे.' मी फोन भिंतीवर फेकणार होते. परिचारिकेने हात धरला.

बाबा शुद्धीवर नाहीत. पाय चेपत बसलेय. किती बारीक झालेत हे पाय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे डोळे उघडले. ओळखलं. आवाज नाहीच, ओठांशी कान नेला तेव्हा ऐकू आलं.

"फोन वाजत होता सारखा. उठवेना. मग वाजायचा थांबला." माझ्याकडे बघून म्हणाले, "तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, ठिपका लाल झाला. फौजदार निघाली."

माझा हात घट्ट धरलाय. "लाल झाला होता ना गं?"

"हो बाबा," म्हटलं मी.