कापायचं तर तूच

४ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या फोनला कंटाळून पत्र लिहिते आहे. तू बोल म्हणतेस, तेवढ्यात मागून कोणीतरी डॉक्टर म्हणून हाक मारतं, की संपलं.

तपासणीचा निकाल तू सांगितलास तेव्हा मी शांत राहिले, त्याचं फार कौतुक करू नकोस. घरी येऊन भरपूर रडले. आता डोकं ठिकाणावर आहे. गाठ कॅन्सरची आहे, काढायची आहे, ठरलं. पण कापायचं तर तूच. तुझा बाप तुला हृदयाची सर्जन करायला हटून बसला होता, तेव्हा पोरीला स्तनांच्या कॅन्सरचंच काम करायचं आहे तर करू दे, म्हणून सख्ख्या भावाशी मी भांडले, ते काय उगाच? तलावावर उन्हाळी वर्ग सुरू होतायत. पोहायला शिकवणारीचा हात वर जायला हवा, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार?

तुला सवड नसेल तर वर्ग संपेपर्यंत थांबते.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.
तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

थांबायचं नाही. ऑपरेशन येत्या सोमवारी. पण मी करणार नाही.

आपल्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही, असा आमच्यात रिवाज आहे. त्याच्याआड मी लपत नाही. परवा तुझे तपासणीचे फोटो समोर लावून मनातल्या मनात ऑपरेशन करून पाहिलं. एकदा भीतीपोटी सगळा स्तनच काढून टाकला. दुसऱ्यांदा तुझा हात जपायचा म्हणून, कॅन्सर काखेत पसरलाय का हे कमी शोधलं. दोन्ही चूक. दुसरी कोणी बाई असती तर मला फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग दिसला असता.

माझी विद्यार्थिनी करेल. ती उंच, कमी बोलणारी, तुला भेटली आहे. कुठे कापायचं त्याच्या खुणा मात्र मी करीन. त्या पेनाने, बाईला उभं करून करतात, कारण आडवं झालं की सगळं जागचं हलतं. त्या दिवशीची माझी ऑपरेशनं पुढे ढकलली आहेत. दाराबाहेर बसून राहीन.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
ठकी

११ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

मला तुझी विद्यार्थिनी नको. तुझी एवढी हुशारी काय फक्त परक्यांसाठी? वर्ग संपल्यावर बघू.

आत्या

१२ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

कालचं पत्र फाडून टाक.

आज तलावाच्या काठावर बसले होते. तुला पोहायला मी नाही शिकवलं, आठवतंय? दुसऱ्या शिक्षिकेच्या हवाली केलं. तुझ्या नाकात पाणी गेलं की मी लगेच उचलून घ्यायचे. अशाने तू जन्मात पोहली नसतीस. तेव्हा मला कळलं होतं ते आता कळेना, याची चीड आली.

तर तुझी विद्यार्थिनी चालेल. पण एक अट. ज्यांची ऑपरेशनं ढकललीस त्यांनीही मन घट्ट करून तारीख धरली असेल. त्यांना परत बोलाव. दाराबाहेर बसून तू काय दिवे लावणार आहेस?

खुणा करताना गुदगुल्या होतील, आधीच सांगते.
तुझी आत्या

२६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अहवाल आला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे मागे काही राहिलेलं नाही. काखेतही काही नाही. रेडिएशन घ्यावं लागेल, त्यात घासाघीस चालणार नाही. पाण्यात कधी उतरायचं ते माझी विद्यार्थिनी ठरवेल. तिच्याशी हुज्जत घालू नकोस, ती माझ्यापेक्षा खमकी आहे.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी तू भिंतीपलीकडच्या टेबलावर होतीस. अलीकडे माझ्यासमोर एक बाई होती, साधारण तुझ्याच वयाची. हात धुताना मला तुझ्याशिवाय काही सुचत नव्हतं. मग पहिला छेद घेतला, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत तुझी आठवण एकदाही आली नाही. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर पोरगी दगड आहे म्हणतील. तुला मात्र बरं वाटेल, म्हणून लिहिलं.

अशीच हट्टी राहा, आणि मला आपली म्हणत राहा.
ठकी