मंत्र्यांच्या मनगटावरचे घड्याळ

मी, घड्याळे दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. दुकान व वरच्या दोन खोल्या सुनेला मिळाव्यात. तिचा नवरा, माझा एकुलता मुलगा, याला एकोणीस वर्षांपूर्वी, यादवीच्या काळात, बंडखोर कमांडरच्या माणसांनी याच दुकानातून नेले. पुढे तह झाला, कमांडर मंत्री झाले आणि बेपत्ता माणसांचे खाते त्यांनाच मिळाले. "सदर इसम आमच्या ताब्यात कधीही नव्हता" या पत्रावर त्यांचीच सही आहे. सून आजही ना सधवा, ना विधवा.

२. अवजारे शेजारच्या चष्मेवाल्याला. 'विसरून जा' असे त्याने मला कधी समजावले नाही.

३. धाकट्या भावाने मंत्र्यांना हार घातला. मला म्हणाला, "दादा, झालं गेलं, सोड ना आता." दुकानाबाहेरच्या ज्या बाकावर बसून तो हे बोलला, ते बाक त्याला द्यावे. दुसरे काही देऊ नये.

४. गेल्या वर्षी मंत्र्यांचा सचिव एक घड्याळ घेऊन आला. "काका, जपून हं. साहेबांचं लढाईतलं आहे." दुरुस्ती केली की आम्ही कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. गिऱ्हाइकाला ते माहीत नसते. झाकण उघडले तर आत माझी खूण, मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची तारीख. ते घड्याळ मीच दुरुस्त करून त्याला लग्नात दिले होते. नेले तेव्हा त्याच्या हातात होते.

"पार्ट मागवावा लागेल," एवढेच बोललो. आजवर तेच सांगत आलो. एकदा मंत्र्यांचाच फोन आला.

"काय काका, आमची वेळच बंद पाडलीत की काय?"

"होईल साहेब. जरा धीर धरा."

सून सुखरूप बाहेर पडेपर्यंत गप्प राहिलो. काल ती परदेशात तिच्या मुलीकडे, माझ्या नातीकडे, पोहोचली. उद्या अकरा वाजता मी घड्याळ आणि ती तारीख नोंदलेली दुरुस्तीची वही घेऊन कोर्टात जाणार आहे, म्हणून हा कागद आज. मी परतलो नाही, तर माझ्या वकीलबाईंनी त्यांच्याकडे ठेवलेले झाकणाचे फोटो सर्व वर्तमानपत्रांना द्यावेत.

५. मंत्र्यांना उदंड आयुष्य लाभो. खटले फार वर्षे चालतात, आणि प्रत्येक तारखेला त्यांना उभे राहता आले पाहिजे.

सही : घड्याळवाला
साक्षीदार : समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर (मी यांना तपासले, शुद्धीत आहेत), वकीलबाईंचे कारकून
स्थळ : दुकान. ९ मार्च, सायंकाळ